भातावरच्या बुरशीसाठी नैसर्गिक घटक: काय चालतं, केव्हा चालतं आणि कुठे फसतं

प्रश्न असा आहे: भातावरचा करपा, पर्णकोष करपा (पानाच्या खोडाला वेढणाऱ्या भागावरचा), तपकिरी ठिपके या रोगांवर लसूण, कडुनिंब, लवंग-दालचिनीचं तेल, कायटोसान यांसारखे नैसर्गिक घटक खरंच चालतात का? चालत असतील तर कोणता, किती प्रमाणात आणि केव्हा वापरायचा?

चालतात. पण यातले बहुतेक घटक बुरशी पानात शिरण्याआधीच काम करतात. शिरलेल्या बुरशीला बाहेर काढण्याची ताकद त्यांच्यात जवळजवळ नसते. एवढं लक्षात घेतलं की मात्रा, वेळ, नोझल या पुढच्या सगळ्या गोष्टींची कारणं आपोआप कळतात. फवारण्या वाया जातात त्याही बहुतेक याच मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

करप्याचंच बघा. मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर पडला की दोन-तीन तासांत अंकुरतो. अंकुराच्या टोकाला एक सूक्ष्म काळपट फुगवटा तयार होतो आणि त्याच्या भिंतीत मेलॅनिनचा थर बसतो. आतला दाब वाढत वाढत 80 बारच्या आसपास जातो, आणि त्या जोरावर बुरशी आपली खुंटी पानाच्या टणक सालीतून आत घुसवते. हे सगळं साधारण एका दिवसात उरकतं. मधे करडा आणि दोन्ही टोकांना निमुळता असा करप्याचा ओळखीचा ठिपका दिसायला मात्र पुढे चार-पाच दिवस लागतात. म्हणजे आज ठिपका दिसला तर बुरशी मागच्या आठवड्यातच पेशींत पोचली आहे. लसणाचा अर्क किंवा लवंगाचं तेल पानाच्या पृष्ठभागावर राहतं, पेशीत उतरून बुरशीला गाठत नाही. म्हणून ठिपके बघून केलेली फवारणी त्या ठिपक्यांसाठी नसते. त्यांच्यावरून उडणाऱ्या पुढच्या बीजाणूंसाठी ती असते, आणि त्याच हिशोबाने ती आखायला हवी.

पान सलग 10-12 तास ओलं राहिलं आणि तापमान 25 ते 28 अंशांच्या आसपास असलं की करप्याला रान मोकळं मिळतं. ढगाळ दिवस, रिमझिम, थंड रात्री आणि सकाळी उशिरापर्यंत न सुकणारं दव, अशी चिन्हं दिसली की त्याच संध्याकाळी फवारणी हवी. दुपारी चारनंतर फवारा, म्हणजे पान ओलं होण्याआधी थर सुकायला तास-दोन तास मिळतात आणि उन्हाने घटक मोडत नाही. सकाळी फवारलेलं उडनशील तेल रात्रीपर्यंत पानावर फारसं उरतच नाही.

प्रयोगशाळेतले आकडे शेतात का उतरत नाहीत

‘अमुक तेलाने करप्याची बुरशी शंभर टक्के थांबली’ असे निष्कर्ष भरपूर वाचायला मिळतात. ते खोटे नसतात, पण कशावर काढलेत ते बघायला हवं. बहुतेक चाचण्या झाकण लावलेल्या काचेच्या बशीत होतात. उडनशील तेलाची वाफ त्या बंद जागेत कोंडून राहते आणि बुरशीला दिवसरात्र घेरते. शेतात तीच वाफ वाऱ्याबरोबर काही तासांत निघून जाते. दुसरी गोष्ट अर्काची. मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये काढलेल्या अर्कात उतरणारे घटक साध्या पाण्यात पुरेसे उतरत नाहीत. हळदीतला कर्क्युमिन हे त्याचं ठळक उदाहरण आहे. बशीत तो उत्तम दिसतो, पण पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि उन्हात लवकर मोडतो. हळदीचं पाणी फवारून करपा आटोक्यात येईल अशी आशा धरू नका.

उलट बाजूनेही बशी फसवते. पर्णकोष करप्यावरचं व्हॅलिडामायसिन हे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळतं. भरपूर अन्न असलेल्या माध्यमावर ते बुरशीला मारत नाही. बुरशी आपली साखर ट्रेहॅलोजच्या रूपात पुढे नेते आणि ती फोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हे रसायन अडवतं. त्यामुळे तंतू वेडेवाकडे फुटतात आणि रोगाची वर चढण्याची चाल थांबते. केवळ बशीतल्या वाढीवर निकाल दिला असता तर हे औषध नापास झालं असतं. शेतात ते पर्णकोष करप्यावर उत्तम चालतं.

कुठलाही आकडा वाचताना त्याचं शेतातलं माप काढून बघा. 1000 पीपीएम म्हणजे लिटरला 1 मिली. हेक्टरला 500 लिटर पाणी धरलं तर अर्धा लिटर शुद्ध तेल. 5000 पीपीएमला ‘प्रभावी’ ठरलेल्या तेलाला हेक्टरी अडीच लिटर लागेल, आणि तेवढ्या मात्रेत भाताची पानंच करपतील.

लसूण

लसणातला काम करणारा घटक म्हणजे अ‍ॅलिसिन. तो अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि काही क्षणांत अ‍ॅलिसिन तयार होऊ लागतं. म्हणून लसूण उकळून काढा करणं ही सर्रास होणारी आणि सगळी मेहनत वाया घालवणारी चूक आहे. उष्णतेने विकर निकामी होतं आणि उरतो तो नुसता वास.

सोललेल्या पाकळ्या 50 ग्रॅम घ्या आणि थोड्या थंड पाण्यात बारीक वाटा. 10-15 मिनिटं झाकून ठेवा, दुहेरी कापडातून गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. गाळणं नीट झालं नाही तर लगदा नोझलमध्ये अडकतो आणि पंप दर दहा मिनिटांनी उघडावा लागतो. अर्क त्याच संध्याकाळी संपवा, कारण रात्रभर ठेवलेल्या अर्कात अ‍ॅलिसिन घटत जातं. बीजाणू अंकुरण्याच्या टप्प्यावर लसूण चांगला चालतो, पण संरक्षण एक-दोन दिवसांपलीकडे धरू नका. मोठ्या क्षेत्रावर दर तीन दिवसांनी लसूण वाटणं परवडत नाही. त्याची खरी जागा रोपवाटिका आणि बियाणं.

सुगंधी तेलं

लवंगेतला युजेनॉल, ओव्यातला थायमॉल, गवती चहातला सिट्रल आणि दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड हे सगळे बुरशीच्या पेशीच्या पडद्यावर घाव घालतात. दालचिनी घेताना साल की पान ते विचारा. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड जास्त असतो, तर पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल. दोघांची ताकद वेगळी आणि पान भाजण्याचा धोकाही वेगळा.

लिटरला 0.5 मिलीपासून सुरुवात करा आणि 1 मिलीच्या वर जाऊ नका. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं. मग टाकीतलं पहिलं पाणी नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं तेल येऊन तिथली झाडं भाजतात. शेताच्या एकाच कोपऱ्यात पानांची टोकं जळालेली दिसली की कारण बहुधा हेच असतं. तेलाइतकंच पॉलिसॉर्बेट-80 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) आधी तेलात ढवळून घ्यावं, मग थोडं थोडं पाणी घालत पांढरं दूध करावं आणि ते टाकीत ओतावं. थायमॉलचे खडे असतील तर ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. हातमोजे आणि चष्मा विसरू नका, विशेषतः दालचिनीच्या सालीच्या तेलाला. नैसर्गिक असलं तरी ते कातडी सोलून काढतं.

कडुनिंब

कडुनिंबाचं नाव निघालं की अ‍ॅझाडिरॅक्टिनची टक्केवारी विचारली जाते. तो घटक मुख्यतः किडींवरचा. बुरशीवर काम करायला तेलातले इतर घटक आणि तेलाचा थर जास्त उपयोगी पडतो. म्हणून बुरशीसाठी जास्त पीपीएमचं महाग उत्पादन घेण्यापेक्षा चांगलं घाण्याचं तेल नीट मिसळून वापरावं.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत पर्णकोष करपा आणि पर्णकोष कुजव्या यांसाठी 3 टक्के निंबोळी तेल आहे, म्हणजे लिटरला 30 मिली किंवा हेक्टरला 15 लिटर. कुजव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्कही दिला आहे. कुजव्यासाठी पहिली फवारणी पोटरीत (लोंबी अजून कोषात असताना) आणि दुसरी 15 दिवसांनी करायची. पोटरीला महत्त्व आहे, कारण कुजव्या ध्वजपर्णाच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पानाच्या, कोषात लोंबी अडकवतो. लोंबी अर्धवट अडकल्यावर फवारून ती बाहेर येत नाही.

तेल मिसळताना 10 लिटरच्या टाकीसाठी 300 मिली तेलात 50 मिली द्रव साबण घाला आणि आधी कोमट पाण्याच्या थोड्या भागात घोटून पांढरं दूध करा. ते दहा मिनिटं तसंच ठेवून बघा. वर पिवळे थेंब जमले तर मिश्रण फुटलं आहे. बहुतेक वेळा पाणी जड असतं, म्हणजे त्यातला चुना साबणाला फाडतो. अशा वेळी पावसाचं साठवलेलं पाणी घ्या किंवा साबणाऐवजी वर सांगितलेलं पॉलिसॉर्बेट वापरा. तापमान 35 अंशांच्या वर असताना 3 टक्के तेल फवारू नका, पानं भाजतात.

अर्कासाठी 5 किलो निंबोळीच्या मगजाची भुकटी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी कापडातून पिळून काढा, 200 ग्रॅम साबण वेगळा विरघळवून त्यात घाला आणि एकूण 100 लिटर करा. निंबोळ्या ओलसर साठवलेल्या आणि आतून हिरवट बुरशी लागलेल्या असतील तर टाकून द्या. असा अर्क काम करत नाही.

कायटोसान, सिलिका आणि झाडाची स्वतःची ताकद

भाताचं झाड निमूटपणे मार खात नाही. बुरशीची चाहूल लागली की ते साकुरानेटिन, मोमिलॅक्टोन, फायटोकॅसेन असे स्वतःचे बुरशीरोधक पदार्थ तयार करतं. ही तयारी आधीच जागी करण्याचं काम कायटोसान करतं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा हा पदार्थ झाडाला बुरशीच्या भिंतीसारखा वाटतो. झाडाला तयारी करायला वेळ लागतो, म्हणून धोक्याच्या हवामानाच्या दोन-तीन दिवस आधी तो द्यावा लागतो.

साधं कायटोसान पाण्यात विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. 1 ग्रॅम कायटोसानसाठी 80 मिली पाण्यात 20 मिली व्हिनेगर (5 टक्क्यांचं) घाला आणि रात्रभर अधूनमधून ढवळा. मधासारखं चिकट द्रावण झालं की पाणी घालून एक लिटर करा. हे झालं 0.1 टक्का. सामू (pH) 5.5च्या आसपास ठेवा. साडेसहाच्या वर गेला तर कायटोसानचा चोथा तळाला बसतो. साबण, ह्युमिक आम्ल किंवा पोटॅशियम सिलिकेटबरोबर एका टाकीत घातलं तर दही फाटावं तशा गाठी होतात आणि पंप बंद पडतो. म्हणून साबणातलं निंबोळी तेल आणि कायटोसान एकत्र कधीच नको.

सिलिकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या यादीत सर्वांत भरवशाची गोष्ट तीच आहे आणि तिलाच सर्वांत कमी लोक हात लावतात. भात सिलिका अफाट प्रमाणात शोषतो. ती पानाच्या सालीखाली थरासारखी बसते, बुरशीच्या खुंटीला आत घुसणं जड जातं आणि झाडाची संरक्षण यंत्रणाही तत्पर राहते. करपा आणि तपकिरी ठिपके, दोन्हींवर याचा परिणाम दिसतो. कापणीच्या वेळी पेंढ्यात सिलिका 5 टक्क्यांपेक्षा कमी भरली तर जमीन उपाशी आहे असं समजावं. दरवर्षी पेंढा आणि तूस शेताबाहेर जात असेल तर ही उपासमार वाढतच जाते.

भाताच्या तुसाची काळी-करडी राख रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो घेऊन वरच्या मातीत मिसळा. राखेचा रंग बघून घ्या. भट्टीत खूप तापून पांढरी-गुलाबी झालेली राख स्फटिकरूप होते आणि तिच्यातली सिलिका मातीत सहज विरघळत नाही. काळी-करडी राख विरघळते. सिलिका घेण्याची खास यंत्रणा भाताच्या मुळांत आहे, पानांत नाही. म्हणून पानावर सिलिकेट फवारणं हा जमिनीत घालण्याला पर्याय होत नाही.

आणि नत्र. जास्त युरिया दिलेल्या भातात पान मऊ, गर्द हिरवं आणि सिलिकाने कमजोर राहतं. त्यावर कुठलाही अर्क मारा, करपा जिंकतो. नत्र एकदम न देता तीन हप्त्यांत द्या आणि करप्याचे ठिपके वाढत असताना पुढचा हप्ता थांबवा. कोरड्या पडलेल्या खाचरात करपा बळावतो, म्हणून पाणी टिकवा.

सूक्ष्मजीव आणि त्यांची रसायनं

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू जिवंत कारखाने आहेत. पहिला फेनाझिनसारखे पदार्थ सोडतो, दुसरा इटुरिन आणि फेन्जायसिन. तेलासारखे ते एका रात्रीत उडून जात नाहीत, म्हणून माझा कल अर्कांपेक्षा यांच्याकडे जास्त आहे. स्यूडोमोनासची भुकटी बियाण्याला किलोला 10 ग्रॅम लावा. रोपं उपटण्याआधी 25 चौरस मीटरच्या वाफ्यात अडीच सेंटीमीटर पाणी साठवून त्यात अडीच किलो भुकटी मिसळा आणि मुळं किमान अर्धा तास त्यात राहू द्या. लावणीनंतर 30 दिवसांनी हेक्टरी अडीच किलो भुकटी 50 किलो कुजलेल्या शेणखतातून द्या. पुढे 45व्या दिवसापासून दहा दिवसांच्या अंतराने लिटरला 2 ग्रॅमच्या तीन फवारण्या करा. पाकिटावरची तारीख बघा आणि ते उन्हात तापलेलं नाही याची खात्री करा. मेलेल्या जिवाणूंची भुकटी ही नुसती शंखजिऱ्याची पूड असते. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीला हवा लागते, त्यामुळे पाणी भरलेल्या खाचरात तो मंदावतो. बियाणं आणि कोरड्या रोपवाटिकेपुरताच तो ठेवा.

सूक्ष्मजीवांपासून वेगळी काढलेली प्रतिजैविकं जास्त ताकदीची असतात. कासुगामायसिन 1960च्या दशकात जपानमधल्या नारा इथल्या कासुगा मंदिराजवळच्या मातीतून मिळालं. 3 टक्के द्रावण लिटरला 2 ते 2.5 मिली घेतलं तर करप्यावर चालतं, आणि ते पानात थोडं उतरतही असल्याने अगदी सुरुवातीच्या ठिपक्यांनाही आवर घालतं. पण जपानमध्ये 1970च्या दशकातच त्याला न जुमानणारी बुरशी निर्माण झाली, म्हणून ते हंगामात एकदाच, फार तर दोनदा वापरा. 3 टक्के व्हॅलिडामायसिनचंही प्रमाण साधारण तेवढंच. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर ही दोन्ही वापरण्याआधी प्रमाणन संस्थेला विचारा. प्रतिजैविकांना अनेकदा परवानगी नसते.

स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकंही मुळात एका भूछत्रापासून (अळिंबीपासून) आलेली. 1977 साली स्ट्रोबिल्युरस टेनासेलस या भूछत्रातून पहिला घटक वेगळा केला गेला. तो उन्हात टिकत नव्हता, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली आणि अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिनसारखी औषधं तयार झाली. नैसर्गिक घटक शेतात का कमी पडतात याचं याहून स्पष्ट उत्तर नाही.

कोणत्या रोगाला काय

पर्णकोष करप्याच्या बुरशीतंतूंचे कठीण गोळे पाण्यावर तरंगत येऊन चुडाला (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्याला) पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि रोग तिथून वर चढतो. वरवरच्या फवारणीचा काडीचाही उपयोग नाही. नोझल ओळींच्या मधून खाली घाला आणि हेक्टरला पूर्ण 500 लिटर पाणी वापरा. चिखलणीनंतर वाऱ्याने कोपऱ्यात जमलेला कचरा गाळून शेताबाहेर काढला तर त्याबरोबर हे गोळेही जातात, आणि याला खर्च काहीच नाही.

तपकिरी ठिपके हे बहुतेकदा जमिनीच्या उपासमारीचं लक्षण असतं. पालाश आणि सिलिका भरा, अर्क नंतर. बियाण्यातून येणाऱ्या संसर्गासाठी 53-54 अंशांच्या पाण्यात 10-12 मिनिटं बुडवून लगेच थंड पाण्यात काढा. तापमापक हवाच, कारण बोटाने अंदाज घेतला की एकतर बुरशी वाचते नाहीतर कोंब मरतो. त्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बियाणं बुडवा, तरंगणारे पोचट दाणे काढा आणि उरलेलं बियाणं दोनदा स्वच्छ धुवा.

आभासमय काजळी या रोगाचे लोंबीवर गोळे दिसल्यावर करण्यासारखं काही नसतं, कारण संसर्ग पोटरीच्या आतच झालेला असतो. फवारायचं तर पोटरीत. फुलोऱ्यात मात्र तेलं टाळा. भाताची फुलं सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत उमलतात आणि तेलाचा थर परागीभवनात आडवा येतो.

पानाच्या कडेने पिवळी-पांढरी पट्टी खाली उतरत असेल तर आधी तपासा. अशा पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी धागा उतरला तर तो कडा करपा आहे, म्हणजे जिवाणूजन्य रोग. त्यावर बुरशीसाठी केलेला कुठलाही उपाय लागू पडत नाही.

परिणाम कसा मोजायचा

शेताच्या मधे 5 बाय 5 मीटरचा तुकडा न फवारता ठेवा, नाहीतर पाऊस थांबल्यामुळे थांबलेला रोग तुम्ही अर्काच्या खात्यावर लिहाल. दोन्हीकडे दहा-दहा चुडांना खूण करा. सात दिवसांनी फक्त फवारणीनंतर आलेली वरची पानं मोजा. जुने ठिपके भरून येत नाहीत, त्यांच्याकडे बघून निकाल देऊ नका.

जुन्या ठिपक्यात बुरशी जिवंत आहे का ते बघायचं असेल तर पान ओल्या कागदासह पिशवीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी दहापट भिंगातून ठिपक्याच्या मध्यावर करडी लव उभी दिसली तर तिथून अजून बीजाणू उडत आहेत, आणि पुढच्या ओल्या रात्रीआधी फवारणी हवी. लोंबी बाहेर पडायच्या वेळी वरच्या दोन पानांवर असे जिवंत ठिपके असतील तर नुसत्या अर्कावर विसंबू नका. मानेवर करपा बसला की लोंबी पळींज होते आणि तो दाणा परत भरत नाही. त्या टप्प्यावर कासुगामायसिन किंवा मान्यताप्राप्त आंतरप्रवाही (झाडाच्या आत पसरणारं) बुरशीनाशक लोंबी निसवायच्या सुरुवातीलाच वापरा.